पूर्वजांचे दफनस्थळ कसे शोधावे? वाचकांच्या प्रश्नांना उत्तरे

या महिन्यात आलेली बहुतेक पत्रे एकाच प्रश्नाभोवती फिरतात: आमच्या पणजोबांना, आजीला, खापरपणजोबांना नेमके कोठे पुरले, हे आज इतक्या वर्षांनी कळू शकेल का? पत्रे निरनिराळ्या समाजांतील आहेत, परंतु त्यांत एक अडचण समान दिसते. बहुतेकांनी शोधाची सुरुवात दफनभूमीत फिरून केली आहे आणि दगड सापडला नाही म्हणून शोध थांबवला आहे. वास्तविक माणूस गेल्यावर त्याच्या तीन वेगवेगळ्या नोंदी होऊ शकतात. मृत्यूची नोंद सरकारदरबारी होते, अंत्यविधीची नोंद चर्च, जमात (मुस्लिम गावकऱ्यांची संघटना) किंवा मठ यांच्या वहीत होते आणि पुरलेल्या जागेची नोंद दफनभूमी चालवणाऱ्याच्या रजिस्टरात होते. या तीन नोंदी तीन ठिकाणी, तीन पद्धतींनी आणि अनेकदा तीन भाषांत असतात, आणि एकीवरून दुसरीकडे जावे लागते. दगड हा या साखळीतील शेवटचा दुवा आहे, पहिला नव्हे. पुढील उत्तरे याच क्रमाने वाचावीत, अशी विनंती आहे.

प्रश्न: माझे पणजोबा अहमदनगरकडील मराठी ख्रिस्ती शिक्षक होते. १९३०च्या दशकात ते मुंबईत वारले आणि त्यांना शिवडीला पुरले, असे घरात सांगतात. आम्ही शिवडीच्या दफनभूमीत बराच शोध घेतला, परंतु त्यांच्या नावाची कबर दिसली नाही. पुढे काय करावे? (पुणे येथील एक वाचक)

उत्तर: शिवडीची ख्रिस्ती दफनभूमी १८६०च्या दशकात, आर्थर क्रॉफर्ड मुंबईचे म्युनिसिपल कमिशनर असताना सुरू झाली. त्यापूर्वीची दफने सोनापूर आणि त्याहून जुन्या जागांमध्ये होत असत. व्हिक्टोरिया टर्मिनसचे वास्तुकार फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्यापासून गिरणीत काम करणाऱ्या अनाम माणसांपर्यंत असंख्य लोक शिवडीला विसावले आहेत, आणि ज्यांच्या कुटुंबांना कायम कबर विकत घेणे शक्य होते त्यांचेच दगड प्रामुख्याने टिकले आहेत. शिक्षकाच्या तुटपुंज्या पगारात कायम कबर घेणे सोपे नव्हते. त्यामुळे दगड दिसत नाही यावरून त्यांना तेथे पुरले नव्हते, असा निष्कर्ष काढू नये.

दफनभूमीच्या कार्यालयातील जुनी रजिस्टरे सर्वसाधारणपणे तारखेच्या क्रमाने लिहिलेली असतात, नावाच्या क्रमाने नव्हे. 'अमुक नावाचे गृहस्थ, १९३०च्या दशकात' एवढ्या माहितीवर कोणताही कारकून दहा वर्षांची पाने उलटणार नाही, आणि त्याने उलटावीत अशी अपेक्षाही योग्य नाही. म्हणून आधी तारीख मिळवावी लागेल, निदान महिना आणि वर्ष तरी.

तारखेसाठी प्रथम घरातील कागद पाहावेत. कौटुंबिक बायबलच्या कोऱ्या पानांवर जन्म, बाप्तिस्मा, विवाह आणि मृत्यू लिहून ठेवण्याची प्रथा मराठी ख्रिस्ती घरांत होती. ती प्रत भावंडांपैकी कोणाकडे गेली आहे, याची चौकशी करावी. दफनाची फी भरल्याची पावती, स्मरणार्थ छापलेले कार्ड किंवा शाळेने निवृत्तिवेतन बंद केल्याचे पत्र, यांपैकी काहीही चालेल. अहमदनगरला १८४२ मध्ये सुरू झालेल्या 'ज्ञानोदय' या नियतकालिकात मंडळ्यांमधील, म्हणजे त्या त्या चर्चच्या सभासदांमधील, मृत्यूच्या बातम्या छापल्या जात. शिक्षक, पाळक आणि बायबल-स्त्रिया यांच्याविषयी तेथे चार ओळी तरी येण्याची शक्यता चांगली असते. अशा बातमीत मृत्यूची तारीख तर मिळतेच, शिवाय अंत्यविधी कोणत्या मंडळीच्या पाळकांनी केला, हेही अनेकदा कळते, आणि ते तारखेइतकेच मोलाचे आहे.

तारीख अंदाजे कळल्यावर महापालिकेच्या मृत्यूनोंदीकडे वळावे. येथे एक चूक हमखास होते. नोंद राहत्या घराच्या विभागात शोधली जाते, प्रत्यक्षात ती मृत्यू ज्या विभागात झाला तेथे असते. पणजोबा भायखळ्याला राहत असतील, पण त्यांचा अंत परळच्या केईएम रुग्णालयात झाला असेल, तर नोंद परळच्या विभाग कार्यालयात सापडेल. केईएम १९२६ मध्ये सुरू झाले असल्याने १९३०च्या दशकातील मृत्यूसाठी ही शक्यता विचारात घ्यावीच लागेल. जन्म-मृत्यू नोंदणी अधिनियम, १९६९ च्या कलम १७ नुसार कोणत्याही व्यक्तीला शुल्क भरून नोंदवहीत शोध घेण्याची मागणी करता येते आणि उतारा मिळतो. मृत्यूच्या उताऱ्यात मृत्यूचे कारण मात्र उघड केले जात नाही. अर्जात 'नोंद न सापडल्यास तसे लेखी कळवावे' हे वाक्य अवश्य घालावे, म्हणजे कोणती वर्षे पाहून झाली याचा पुरावा हाती राहतो.

आता मंडळीच्या वहीविषयी. अहमदनगरकडे काम करणाऱ्या अमेरिकन मराठी मिशनच्या मंडळ्या पुढे युनायटेड चर्च ऑफ नॉर्दर्न इंडियामध्ये गेल्या आणि १९७० मध्ये नागपूर येथे स्थापन झालेल्या चर्च ऑफ नॉर्थ इंडियामध्ये अँग्लिकन आणि इतर मंडळ्यांसह विलीन झाल्या. या स्थित्यंतरांत चर्चची नावे बदलली, दोन मंडळ्यांची एक झाली, आणि जुन्या वह्या कोठे पाळकांच्या घरी, कोठे धर्मप्रांताच्या कार्यालयात, तर कोठे कपाटाच्या तळाशी जाऊन पडल्या. म्हणून 'अमुक चर्च आता नाही' असे उत्तर मिळाल्यास तेथे न थांबता, ते चर्च कोणत्या धर्मप्रांतात आले, हे विचारावे. दफनाच्या वहीत साधारणतः मृताचे नाव, वय, व्यवसाय, राहण्याचे ठिकाण, मृत्यूची आणि दफनाची तारीख, विधी करणाऱ्याची सही आणि कोठे पुरले हा रकाना असतो. हा शेवटचा रकाना वाचला की शिवडीचा प्रश्न एका ओळीत सुटतो. पणजोबा अँग्लिकन मंडळीत असतील तर आणखी एक मार्ग आहे. मुंबई इलाख्यातील चर्चच्या नोंदींच्या प्रती १९४८ पर्यंत लंडनला पाठवल्या जात होत्या आणि त्या आज ब्रिटिश लायब्ररीत आहेत. त्यांत भारतीय ख्रिस्ती लोकांच्याही काही नोंदी आढळतात.

नाव शोधताना मन मोकळे ठेवावे. 'यशवंत' हे एकच नाव रोमन लिपीत चार-पाच प्रकारे लिहिलेले दिसते, आडनावाच्या जागी वडिलांचे नाव असते आणि बाप्तिस्म्याचे नाव घरी कोणी वापरतही नसते. ही सर्व रूपे कागदावर लिहून नेल्यास पाहणाऱ्याचे काम हलके होते.

शेवटी एका गोष्टीची तयारी ठेवावी. रजिस्टरात कबरीचा क्रमांक मिळेल, आपण त्या क्रमांकापाशी जाल आणि तेथे भलत्याच नावाचा दगड असेल. मुंबईसारख्या शहरात कायम नसलेली कबर काही वर्षांनी दुसऱ्या दफनासाठी वापरली जाते, ही जुनी आणि सर्वांना ठाऊक असलेली व्यवस्था आहे, त्यात कोणाची अवहेलना नाही. अशा वेळी रजिस्टरातील ती ओळ, तिचा पान क्रमांक आणि कार्यालयाच्या परवानगीने घेतलेले तिचे छायाचित्र हाच आपला पुरावा आहे, आणि माझ्या मते तो दगडापेक्षा कमी प्रतीचा नाही.

प्रश्न: आमचे घराणे बार्देशातील. आजीचे आजोबा १९०५ च्या सुमारास गावी वारले. चर्चच्या दफनभूमीत आमच्या घराण्याची एकही कबर नाही. नोंद कोठे मिळेल? (मुंबई येथील एक वाचक)

उत्तर: गोव्यातील नागरी नोंदणी १९१४ पासूनची असल्याने आपल्याला थेट चर्चच्या मृत्यूनोंदवहीकडे जावे लागेल. ही वही पोर्तुगीज भाषेत असते, नोंदी सलग परिच्छेदात लिहिलेल्या असतात आणि समासात मृताचे नाव दिलेले असते. त्यामुळे आधी केवळ समास वाचत जावे आणि नाव जुळले की मगच पूर्ण मजकूर लावावा. जुन्या वह्यांपैकी काही पणजीच्या पुराभिलेखागारात आहेत, तर काही अजून त्या त्या चर्चमध्ये आहेत. फॅमिलीसर्च या संकेतस्थळावरही गोव्यातील चर्चच्या नोंदींच्या प्रतिमा पाहता येतात.

कबर न दिसण्याचे कारण साधे आहे. गावच्या दफनभूमीची जागा मोजकी, म्हणून काही वर्षांनी अस्थी काढून एकत्रित अस्थिकुंडात किंवा भिंतीतील कोनाड्यात ठेवतात आणि कबर पुन्हा वापरात येते. कायम कबर थोड्याच घराण्यांकडे असे. आपले घराणे कोणत्या कॉन्फ्रारियाचे (चर्चशी जोडलेल्या बंधुसंघाचे) सभासद होते, हे घरातील वडीलधाऱ्यांना विचारावे. कॉन्फ्रारियाच्या सभासदांना दफनभूमीतील ठरावीक जागेचा हक्क असे आणि तिचे हिशेब व सभासदांच्या याद्या वेगळ्या ठेवल्या जात. मृत्यूनोंदवहीत जागेचा उल्लेख नसला, तरी कॉन्फ्रारियाच्या कागदांत तो मिळू शकतो. गावच्या पाद्रींना पत्र लिहिताना वाड्याचे नाव अवश्य द्यावे, कारण एका गावात एकाच नावाची आणि आडनावाची अनेक माणसे असतात आणि त्यांना वाड्यावरूनच ओळखले जाते.

प्रश्न: पणजोबा पहिल्या महायुद्धात पलटणीतून 'बसऱ्याला' गेले आणि परतले नाहीत. घरी एक गोल, जड पितळी तबकडी आहे, तिच्यावर इंग्रजीत त्यांचे नाव आहे. त्यांची कबर इराकमध्ये असेल का? असल्यास कशी शोधावी? (सातारा जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर: आपल्या घरी असलेली तबकडी कांस्याची आहे आणि ती युद्धात मृत्यू पावलेल्यांच्या निकटच्या नातलगांना ब्रिटिश सरकारने दिलेली स्मृतितबकडी आहे. तिचा व्यास सुमारे १२ सेंटिमीटर असतो. तिच्यावर केवळ नाव असते, हुद्दा किंवा पलटण नसते, कारण मृत्यूत सर्व समान मानले गेले. शोधासाठी मात्र पलटण हवी. म्हणून तबकडीसोबत रुपेरी किंवा कांस्याचे पदक आले असेल, तर ते शोधावे. पदकाच्या कडेवर, म्हणजे नाण्याच्या जाडीवर जेथे खाचा असतात त्या जागी, सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. पदक फिरवत, तिरप्या उजेडात, भिंगाने वाचावे. पॉलिश करू नये. घासल्याने ही अक्षरे झिजतात आणि एकदा गेली की परत येत नाहीत.

पलटण कळल्यावर पुढचे चित्र स्पष्ट होईल. मेसोपोटेमियात, म्हणजे आजच्या इराकमध्ये, गेलेल्या सहाव्या (पूना) डिव्हिजनमध्ये १०३ वी, ११० वी आणि ११७ वी या मराठा पलटणी होत्या. त्या तेथील कुत या गावाच्या वेढ्यात अडकल्या आणि २९ एप्रिल १९१६ रोजी कुत शरण गेल्यावर जिवंत उरलेले सैनिक तुर्कांचे कैदी झाले. अनेक जण पुढच्या पायपिटीत आणि रेल्वेच्या कामावर मरण पावले. १९२२ मध्ये या पलटणींचे क्रमांक बदलून त्या पाचव्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या बटालियन झाल्या. म्हणून जुना क्रमांक टिपून ठेवावा, नव्या नावाने शोधल्यास गोंधळ होतो.

आता मुख्य प्रश्न. पणजोबा हिंदू असतील तर त्यांची कबर असण्याची शक्यता कमी आहे. हिंदू सैनिकांचे शक्य तेथे दहन केले जाई, आणि ज्यांची कबर किंवा दहनाची जागा ठाऊक नाही अशांचे स्मरण स्मारकावर केले जाते. मेसोपोटेमियातील अशा ४० हजारांहून अधिक सैनिकांचे स्मारक बसऱ्याला आहे. ते पूर्वी मकील येथील नौदलाच्या धक्क्यावर होते, १९९७ मध्ये ते नासिरियाच्या रस्त्यावर हलवण्यात आले. या स्मारकावर ब्रिटिश सैनिकांची आणि भारतीय अधिकाऱ्यांची नावे कोरली गेली, परंतु बहुसंख्य भारतीय शिपायांची नावे कोरली गेली नाहीत. पलटणीखाली 'आणि इतर इतके भारतीय सैनिक' अशी केवळ संख्या कोरली गेली. अमारा येथील भारतीय युद्धदफनभूमीची स्थिती याहून वेदनादायक आहे. तेथे सुमारे पाच हजार भारतीय सैनिक आहेत आणि त्यांपैकी फक्त नऊ जणांची ओळख पटलेली आहे, कारण लष्कराने दफनाच्या पुरेशा नोंदीच ठेवल्या नाहीत. या असमान वागणुकीची कबुली राष्ट्रकुल युद्धकबर आयोगाने (कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशन) २०२१ च्या अहवालात दिली आणि माफी मागितली. अपशिंग्यासारख्या गावांनी घरटी माणसे पाठवली होती, आणि त्यांच्या वाट्याला दगडावर एक आकडा यावा, ही गोष्ट मला फार लागते. म्हणूनच आपल्यासारख्या कुटुंबांनी हा शोध घ्यावा, असे मी आग्रहाने सांगतो.

दगडावर नाव नसले, तरी आयोगाच्या संकेतस्थळावरील यादीत ते असू शकते. ही यादी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ या काळातील मृतांची आहे. शोधताना संपूर्ण नाव आडनावाच्या रकान्यात टाकून पाहावे, कारण भारतीय सैनिकांची नावे आडनाव वेगळे न करता तशीच भरलेली आहेत. एवढ्याने न सापडल्यास केवळ पलटण आणि वर्ष निवडावे आणि आलेली सर्व नावे एकेक वाचावीत. हे काम कंटाळवाणे आहे, परंतु खात्रीचे आहे. अनेक नोंदींच्या शेवटी वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा दिलेला असतो. गावाचे स्पेलिंग ऐकून लिहिलेले असल्याने ते मोठ्याने उच्चारून पाहिले की ओळख पटते. त्या नोंदीवरून आयोगाकडून स्मारकाचे नाव, पॅनेलचा क्रमांक आणि प्रमाणपत्र मिळते.

यादीत नाव नसेल तर जिल्हा सैनिक कल्याण कार्यालय आणि बेळगाव येथील मराठा लाइट इन्फंट्रीचे केंद्र यांच्याकडे क्रमांक, नाव आणि गाव कळवून लेखी विचारणा करावी. पणजींना कुटुंब निवृत्तिवेतन मिळत असेल, तर त्याचे पुस्तक किंवा खजिन्याची नोंद घरात आहे का, हेही पाहावे. मृत्यूचा पुरावा जोडून आयोगाला लिहिल्यास सुटलेले नाव यादीत घालण्याची प्रक्रिया आयोग करतो, आणि अशी नावे आजही घातली जात आहेत.

ज्यांचे पूर्वज पलटणीत नसून जहाजावर खलाशी होते, त्यांनी बसऱ्याऐवजी मुंबईकडे पाहावे. पहिल्या महायुद्धात समुद्रात गेलेल्या दोन हजारांहून अधिक भारतीय नाविकांचे स्मारक मुंबईतच मशीद बंदर भागातील खलाशांच्या वसतिगृहात आहे, आणि कोकणातील बऱ्याच घराण्यांना याची कल्पना नसते. दुसऱ्या महायुद्धाच्या नोंदी तुलनेने चांगल्या आहेत. माणगाव तालुक्यातील नाईक यशवंत घाडगे यांना इटलीत मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला. त्यांची कबर ज्ञात नाही, पण कसिनोच्या स्मारकावर त्यांचे नाव आहे. इटलीत दहन झालेल्या भारतीय सैनिकांची नावे सांग्रो आणि फोर्ली येथील दहनस्मारकांवर कोरलेली आहेत.

प्रश्न: आमचे आजोबा चिपळूणचे. ते १९४६ च्या सुमारास मुंबईत वारले आणि त्यांना मरीन लाइन्सच्या बड्या कब्रस्तानात दफन केले. कबरीवर दगड नव्हता. जागा कळू शकेल का? (चिपळूण येथील एक वाचक)

उत्तर: नेमकी जागा कळण्याची आशा कमी आहे, आणि हे आधीच सांगणे मला योग्य वाटते. कच्ची कबर आणि काही काळाने तीच जमीन पुन्हा वापरणे हा तेथील रिवाज आहे. दफन तेथे झाले, याची नोंद मात्र मिळू शकते. हे कब्रस्तान जुमा मशिदीच्या ट्रस्टच्या व्यवस्थेखाली आहे. तारीख, पूर्ण नाव, वडिलांचे नाव आणि मुंबईतील राहण्याचा पत्ता देऊन तेथे लेखी विचारावे. त्याबरोबर महापालिकेची मृत्यूनोंदही काढावी. कोकणातील प्रत्येक गावच्या लोकांची मुंबईत जमात किंवा खोली असे. गावकऱ्याच्या मयतीचा खर्च तेथून होई आणि तो वहीत लिहिला जाई. आपल्या गावच्या जमातीचे जुने हिशेब कोणाकडे आहेत, याची चौकशी केल्यास तारीख मिळण्याची शक्यता मला सर्वाधिक तेथे वाटते.

प्रश्न: आम्ही बेने इस्रायल, म्हणजे कोकणातील मराठी यहुदी. आईवडील १९६०च्या दशकात इस्रायलला आले. पणजीची कबर अलिबाग तालुक्यात आहे, एवढेच माहीत आहे. एका नातलगाने पाठवलेल्या छायाचित्रात वर हिब्रू आणि खाली मराठी अक्षरे असलेला एक दगड आहे, पण नाव पुसट आहे. हीच कबर का, हे कसे ठरवावे? (अश्दोद येथील एक वाचक)

उत्तर: दगडावर दोन भाषा असणे ही आपल्या शोधातील मोठी जमेची बाजू आहे, कारण एका भाषेतील पुसलेली माहिती दुसऱ्या भाषेतून भरून काढता येते. नाव न लागल्यास तारीख लावावी. तारीख घरच्या माहितीशी ताडून पाहता येते.

हिब्रू मजकुराच्या माथ्यावर बहुधा पे आणि नून ही दोन अक्षरे असतात. 'येथे पुरले आहे' या शब्दांची ती आद्याक्षरे आहेत आणि त्यांच्याखाली नाव सुरू होते. तळाशी पाच अक्षरांचा एक ठरलेला गट असतो, तो आत्म्यासाठी केलेल्या प्रार्थनेचा आहे, त्यात नाव किंवा तारीख शोधू नये. वर्ष या दोहोंच्या मध्ये असते आणि ते अक्षरांच्या मूल्यांनी लिहिलेले असते. समजा, ताव, रेश, त्सादे आणि हे अशी चार अक्षरे दिसली. त्यांची मूल्ये ४००, २००, ९० आणि ५, बेरीज ६९५. हजाराचा अंक लिहीत नाहीत, तो ५ धरावा, म्हणजे वर्ष ५६९५. त्यातून ३७६० वजा केल्यास १९३५ येते. मात्र हिब्रू वर्ष सप्टेंबरच्या सुमारास सुरू होत असल्याने ५६९५ हे वर्ष सप्टेंबर १९३४ ते सप्टेंबर १९३५ असे आहे. खाली मराठीत शके १८५६ लिहिले असेल, तर त्यात ७८ मिळवून १९३४ येते, आणि ते शक वर्ष एप्रिल १९३५ च्या पहिल्या आठवड्यापर्यंत चालले. दोन्ही एकत्र वाचले की मृत्यू सप्टेंबर १९३४ आणि एप्रिल १९३५ यांच्या दरम्यान झाला, हे निश्चित होते. हिब्रू आणि इंग्रजी तारखांत एका दिवसाचा फरक दिसला तर ती कोरणाऱ्याची चूक समजू नये, कारण यहुदी दिवस सूर्यास्तापासून मोजला जातो.

नातलगांना नवे छायाचित्र घेण्यास सांगावे. ते सकाळी लवकर किंवा दुपार उतरल्यावर, ऊन बाजूने पडत असताना घ्यावे. दुपारच्या उन्हात कोरीव अक्षरे सपाट दिसतात. दगडावर साधे पाणी शिंपडून मऊ ब्रशने शेवाळ काढावे. खडू, पीठ, रंग किंवा तारेचा ब्रश कदापि वापरू नये. अक्षरे शिशाची असतील आणि गळून पडली असतील, तर शिसे अडकवण्यासाठी पाडलेली बारीक छिद्रे राहिलेली असतात. त्या छिद्रांच्या रांगेवरून अक्षराचा आकार जुळवता येतो.

नावाच्या बाबतीत दोन गोष्टी लक्षात ठेवाव्यात. मुंबईत १७९६ मध्ये पहिले सिनेगॉग (यहुदी प्रार्थनास्थळ) बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे समाजी हसाजी दिवेकर या नावानेही ओळखले जात. तशीच दोन नावे आपल्या पणजींची असतील, एक हिब्रू आणि एक घरातील मराठी, आणि दगडावर व कागदावर ती वेगवेगळी येऊ शकतील. दुसरे असे की आडनावावरून दफनाचे गाव ठरवू नये. पेणकर किंवा रोहेकर हे आडनाव घराण्याचे जुने गाव सांगते. पणजी गेल्या तेव्हा कुटुंब अलिबाग, रेवदंडा, बोर्ली किंवा आणखी कोठे राहत होते, हे निराळे.

कागदांसाठी जवळच्या सिनेगॉगकडे विचारावे. अलिबाग, रेवदंडा, पेण आणि पनवेल येथील सिनेगॉग आजही उभे आहेत, आणि गावातील यहुदी कुटुंबे निघून गेली असली तरी दफनभूमीची देखभाल कोण करतो हे तेथून कळते. त्याशिवाय तहसील कार्यालयाच्या अभिलेख कक्षात गावाची जुनी जन्म-मृत्यू नोंदवही, म्हणजे गाव नमुना १४, पाहावी. तिला कोतवाल बुक म्हणतात. पूर्वी या समाजाला 'शनवार तेली' (शनिवारी काम बंद ठेवणारे तेली) म्हणत, त्यामुळे जातीच्या रकान्यात निरनिराळे उल्लेख येऊ शकतात. पणजी अखेरच्या दिवसांत मुलांकडे मुंबईला गेल्या होत्या का, हेही विचारून घ्यावे. तसे असेल तर अलिबागऐवजी मुंबईतील यहुदी दफनभूमींची रजिस्टरे पाहावी लागतील.

प्रश्न: आम्ही वीरशैव लिंगायत. खापरपणजोबांना आमच्याच शेतात समाधी दिली होती. जमीन आजोबांच्या काळात विकली गेली आणि गटाचे क्रमांकही बदलले. समाधीची जागा आता कशी ओळखावी? (सोलापूर जिल्ह्यातील एक वाचक)

उत्तर: हा प्रश्न गोसावी, नाथपंथी आणि महानुभाव कुटुंबांनाही पडतो, आणि त्याचे उत्तर जमिनीच्या कागदांत आहे. प्रथम आपल्या घराण्याचा जुना सर्व्हे नंबर शोधावा. तो जुन्या खरेदीखतात, वाटणीपत्रात किंवा आजोबांच्या नावे असलेल्या जुन्या सातबाऱ्यावर मिळेल. १९४७ च्या तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या कायद्यानंतर पुढच्या काळात गावोगाव सर्व्हे नंबरांचे गट झाले. कोणता सर्व्हे नंबर कोणत्या गटात गेला, हे एकत्रीकरणाच्या योजनापत्रकात दिलेले असते आणि त्याची नक्कल तालुक्याच्या भूमी अभिलेख कार्यालयातून मिळते.

गट कळल्यावर त्याच्या सातबाऱ्यावर पोटखराबा (लागवडीखाली नसलेली जमीन) वर्ग 'ब' खाली काही क्षेत्र लावले आहे का, ते पाहावे. रस्ते, ओढे आणि समाजाच्या वापरातील दफनाची किंवा दहनाची जागा या वर्गात येते. एका घराण्याची एकच समाधी असल्यास ती येथे दाखवलेली असेलच असे नाही, परंतु गावच्या लिंगायत समाजाची स्मशानभूमी शेताला लागून असेल, तर तिचा शोध येथेच लागतो. त्यानंतर जुन्या सर्व्हे नंबरचे टिपण, म्हणजे मोजणीचा कच्चा नकाशा, मागवावे. मोजणीच्या वेळी बांध, विहीर, मोठी झाडे आणि बांधकामे टिपणात दाखवली जात. समाधीला चौथरा असेल, तर तो तेथे दिसण्याची शक्यता आहे. टिपणातील अंतरे घेऊन जमिनीवर जाताना सध्याच्या मालकांना आधी भेटावे आणि आपला हेतू केवळ दर्शनाचा आहे, जमिनीवर कसलाही दावा नाही, हे स्पष्ट सांगावे. तसे सांगितले की बहुतेक शेतकरी स्वतः पुढे होऊन जागा दाखवतात, कारण नांगर चालवताना कोणता कोपरा सोडायचा हे त्यांना त्यांच्या वडिलांनी सांगितलेले असते.

मृत्यूची तारीख हवी असल्यास कोतवाल बुकच पाहावे. जुनी पाने मोडी लिपीत असतील, तर स्वतः अंदाज बांधण्यापेक्षा मोडी जाणणाऱ्याकडून वाचून घ्यावीत. त्या वहीत मयताचे नाव, वडिलांचे नाव, जात, वय आणि कारण असते, परंतु पुरलेली जागा नसते. ती गावच्या जंगमांच्या (लिंगायत पुरोहितांच्या) मठात विचारावी, कारण समाधीचा विधी त्यांच्याच हातून झालेला असतो आणि कोणत्या घराची समाधी कोणत्या शेतात आहे, हे पुण्यतिथीच्या पूजेमुळे पुढच्या पिढीतील स्वामींनाही ठाऊक असते.